2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी धूर छपराबाहेर काढा

डोंगरकड्यात चहाचं हॉटेल, खानावळ, सलून किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्या प्रत्येक मालकाला हा जाहीर इशारा आहे. येत्या 15 ऑगस्टपर्यंत आपापल्या छताखालचं बिडी-सिगारेट ओढणं बंद करा आणि ओढणाऱ्यांसाठी बाहेर, दारापासून लांब, सावलीची जागा करून द्या. तोवर काहीच हललं नाही, तर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दुकानाच्या नावानिशी लेखी तक्रार मांडली जाईल. तिची प्रत कार्यालयं उघडताच कळमनुरीच्या तहसीलमध्ये आणि पोलिस ठाण्यात पोचेल, पोच घेऊन.

तारखा हवेतून काढलेल्या नाहीत. दोन्ही दिवशी ग्रामसभा असते, गाव एका जागी बसलेलं असतं. दुसरं कारण जुनं आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारे केंद्र सरकारचे नियम 2 ऑक्टोबर 2008 रोजी देशभर लागू झाले. म्हणजे तुम्हाला आज जी मुदत मिळते आहे, ती कायद्याने दिलेली नाही. कायद्याची मुदत त्याच दिवशी संपली होती. ही गावाने गावकीच्या नात्याने दिलेली सवलत आहे. ती एकदाच मिळेल.

गेले काही दिवस कट्ट्यावर, सोसायटीच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत या विषयावर बराच वाद रंगला. ‘सरसकट बंदी अन्यायाची आहे, काहीतरी मधला मार्ग काढा’ असं म्हणणारे बरेच निघाले. त्यातले काही शहाणे आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकायलाच पाहिजे. काहींना मात्र पर्याय नको, पळवाट हवी आहे. दोघांना एकाच माळेत ओवायचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हॉटेलात काय चालतं ते बघू. गल्ल्याशेजारी खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला लायटर. गिऱ्हाईक येतं, बरणीतली एक सुटी सिगारेट घेतं, लायटर ओढून पेटवतं आणि तिथंच बाकड्यावर टेकतं. चहा संपेपर्यंत बशीत राख पडते. ती बशी बादलीतल्या पाण्यात एकदा बुडते आणि पुढच्या माणसासमोर येते. तो तीत चहा ओततो आणि फुर्रकन पितो. शेजारी दवाखान्यातून आलेली बाई कडेवरच्या लेकराचं तोंड पदरानं झाकून एसटीची वाट बघत बसलेली असते, कारण बाहेर पाऊस आहे आणि गावात छप्पर म्हणावं असं तेवढंच.

या एका चित्रात मालकाने किती नियम मोडले ते सांगतो. आत ओढू दिलं, हा एक. 2008 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागेत राखदाणी, काडेपेटी, लायटर असं काहीही ठेवता येत नाही, त्यामुळे सुतळीवरचा तो लायटर हा दुसरा. 24 सप्टेंबर 2020 पासून महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि सुट्या बिड्या विकायला बंदी आहे, म्हणून ती बरणी तिसरी. आणि दाराशी 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरचा, ‘येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’ असं सांगणारा पांढरा फलक नाही, तो चौथा. त्या फलकावर तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावही लिहावं लागतं. गावात असा फलक कुणी पाहिला असेल तर दाखवावा, त्याला चहा माझ्याकडून.

‘बिडीला कुठं कायदा लागतो, तो सिगारेटला’ हे एक ठेवणीतलं वाक्य आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात बिडी, सिगारेट, चिरूट, चिलीम, हुक्का सगळं आलं. कशातूनही ओढा, तंबाखू जळाली की झालं.

आता पर्यायांकडे येऊ.

पहिला पर्याय सांगतात तो कोपऱ्याचा. एक टेबल ओढणाऱ्यांना, बाकीची इतरांना. पत्र्याच्या दहा बाय पंधराच्या खोलीत धुराला हद्द कोण आखून देणार? तो काय शेताचा बांध आहे? हा पर्याय मांडणाऱ्यांनी एकदा त्या ‘इतरांच्या’ टेबलावर अर्धा तास बसून घरी जावं आणि सदऱ्याचा वास घ्यावा. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

दुसरा पंख्याचा. भिंतीत एक एक्झॉस्ट फॅन बसवला की प्रश्न मिटला, असं सुशिक्षित लोकही म्हणतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलने 2006 साली दुसऱ्याच्या धुरावर मोठा अहवाल काढला. ओढणारे वेगळे बसवले, हवा गाळली, खेळती ठेवली, तरी त्याच इमारतीतल्या न ओढणाऱ्यांचं पूर्ण रक्षण होत नाही आणि या धुराची ‘एवढी चालते’ अशी सुरक्षित मात्राच नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. डोळ्यांना झोंबणारा धूर पंखा ओढून घेईल, पण न झोंबणारं, न दिसणारं जे मागे राहतं त्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने स्वतः न ओढणारी दहा लाखांहून जास्त माणसं जगात दरवर्षी दुसऱ्यांच्या धुरापायी मरतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या डोक्यावर पंखा फिरतच असणार.

तिसरा पर्याय थोडा तगडा आहे. ‘हॉटेल माझं, भांडवल माझं. मी दारावर पाटी लावतो, इथं ओढायला परवानगी आहे. ज्याला नको त्याने येऊ नये.’ ऐकायला न्यायाचं वाटतं. गिऱ्हाइकापुरतं बघितलं तर अर्धंमुर्धं पटतंही. मुंबई-पुण्यात एका गल्लीत दहा हॉटेलं असतात, तिथे निवड करता येते. इथे पाऊस लागला की जे छप्पर दिसेल त्याखाली माणूस शिरतो, त्याच्यापुढे कसली निवड? पण खरी गोम गिऱ्हाइकात नाहीच. गिऱ्हाईक वीस मिनिटांत उठून जातं. भट्टीवर उभा असलेला माणूस पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत तिथेच असतो. कपबश्या विसळणारा, पाव आणून देणारा, फडकं मारणारा. त्याने कोणती पाटी वाचून नोकरी धरली? मालक म्हणतो ‘माझी मर्जी’, आणि ती मर्जी नोकराच्या छातीत जाते. (तो चौदाच्या आतला असेल तर ते बालकामगार ठेवण्याचं वेगळं प्रकरण आहे. त्याचीही नोंद होईल, गाफील राहू नका.)

सलूनवाल्या भावांना वेगळं सांगतो. तुमच्याकडे तर गिऱ्हाइकाला उठूनही जाता येत नाही. गळ्याला कापड बांधलेलं, अर्धी दाढी झालेली, शेजारच्या खुर्चीवरचा फुंकतोय. निमूट बसण्याशिवाय तो काय करणार?

चौथा पर्याय स्वतः कायद्यानेच दिलेला आहे, आणि गंमत अशी की तो कुणी मागत नाही. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त बैठकीचं उपाहारगृह आणि विमानतळ, यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा करता येते. पण कशी? चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं आणि एरवी बंद राहणारं दार, आतली हवा थेट बाहेर फेकणारी वेगळी यंत्रणा, ती हवा बाकीच्या भागात फिरकता कामा नये. शिवाय ही खोली येण्याजाण्याच्या दाराशी नको. आपल्या गावात तीस जण नीट बसतील असं हॉटेल कुणाचं आहे त्याने पुढे यावं, अशी खोली बांधून दाखवावी, आम्ही हरकत घेणार नाही. मागच्या गोडाऊनला गोणपाट लावून ‘स्मोकिंग रूम’ म्हणाल, तर मात्र पहिली तक्रार तुमचीच.

वेगळ्या जागेच्या नावाखाली शहरांत काय झालं तेही ध्यानात असू द्या. हुक्का पार्लरं अशीच ‘आवडीनिवडीचा प्रश्न’ म्हणत वाढली. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली, 14 माणसं गेली. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखवलं गेलं. त्यानंतर 2018 मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लरवरच बंदी घातली. चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते एक लाख रुपये दंड. पळवाट जेवढी रुंद काढाल, कायदा तेवढा जड होऊन परत येतो.

हे सगळे पर्याय बाजूला सारले म्हणून ओढणारा माणूस आमचा वैरी ठरत नाही. कट्ट्यावर एक म्हातारबुवा चिडून म्हणाले, “बाहेर ऊन हाय का काय हाय बघायलास का? सत्तरीच्या माणसाला मे महिन्यात रस्त्यावर उभं करायलाव तुम्ही, दोन झुरक्यासाठी!” त्यांचं खरं आहे. मराठवाड्यातलं ऊन काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. ज्याने चाळीस वर्षं बिडी ओढली, उसाच्या फडात आणि केळीच्या बागेत राबताना तिचाच आधार घेतला, त्याला आज अचानक ‘चल, हो बाहेर’ म्हणून हुसकणं हा माणुसकीचा मार्ग नाही. ती सवय सुटायला मदत लागते, वेळ लागतो.

म्हणून आमची मागणी बंदीपाशी थांबत नाही. आम्हाला छपरी हवी आहे. चार खांब, वर पत्रा, चारही बाजू उघड्या, एक बाकडं आणि थोटकं टाकायला वाळू भरलेला डबा. हॉटेलाच्या दारापासून निदान दहा-पंधरा पावलं दूर, वाऱ्याची दिशा बघून. आयर्लंडने 29 मार्च 2004 रोजी कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांत, दारूच्या गुत्त्यांसकट, धूम्रपान बंद केलं. असं करणारा तो पहिला देश. तिथेही गुत्तेवाले ओरडत होते की धंदा बसला. तिथे नियम असा झाला की छत चालेल, पण भोवतालच्या घेराच्या निम्म्याहून जास्त भिंती असता कामा नयेत. लोकांनी बाहेर आडोसे बांधले, पावसाळी देशात बांधले, आणि गुत्ते आजही भरतात. आपल्याकडे तर गोठ्याला लागतो त्याहून कमी पत्रा पुरेल.

दोन-तीन हॉटेलांनी मिळून एक छपरी केली तरी चालेल. ग्रामपंचायतीने जागा सुचवावी, ही आमची ग्रामसभेतली पहिली मागणी असेल. एसटी थांब्याची जागा मात्र यासाठी कुणी दाखवू नये, कारण बस थांबा उघडा असला तरी नियमांत तो सार्वजनिक जागाच आहे. शाळेच्या बाजूलाही नको. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूची विक्रीच बेकायदा आहे. आणि एक बारीकशी पण महत्त्वाची अट: त्या छपरीत चहा घेऊन हॉटेलातल्या पोराला पाठवायचं नाही. ज्याला ओढता ओढता चहा हवा, त्याने आपला कप आपण उचलून न्यावा. नाहीतर नोकराची छाती होती तिथेच राहिली.

‘आमच्या हॉटेलावरच का डोळा, लोक तर तंबाखू खातात जास्त’ अशीही एक कुरकुर आहे. मुद्दा खरा आहे. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांपैकी 26.6 टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि ओढणारे जेमतेम 3.8 टक्के. बाकीचा सगळा मामला चुना-तंबाखूचा. पण मळून ओठाखाली ठेवलेली तंबाखू शेजाऱ्याच्या फुप्फुसात शिरत नाही. ती स्वतःचं नुकसान करते, फार तर भिंती रंगवते, त्याचाही समाचार कधीतरी घेऊ. धुराचा हिशेब उलटा आहे. शंभरातले चार ओढतात आणि खोलीत बसलेले सगळे ते पितात. उरलेल्या शहाण्णवांनी पर्याय शोधत फिरायचं आणि चौघांनी बाकड्यावर बसून राहायचं, हा कुठला न्याय?

न्यायालयाने हे फार आधी बघितलं. केरळ उच्च न्यायालयाने 1999 मध्ये सार्वजनिक जागी ओढणं बेकायदा ठरवलं. मग मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने सभागृहं, दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी देशभर मनाई केली. आधार घटनेच्या 21 व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या धुरापायी आपलं आयुष्य का झिजवावं, हा त्यातला प्रश्न होता. उपाहारगृहं त्या यादीत नव्हती, ती 2003 च्या कायद्याने आली. पुढे 2008 च्या नियमांना हॉटेलवाल्यांच्या आणि सिगारेट कंपनीच्या बाजूने आव्हान दिलं गेलं, स्थगिती मागितली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. जो वाद दिल्लीत बडे वकील हरले, तो आपण पारावर जिंकू असं कुणाला वाटत असेल तर वाटो.

आता आपल्या बाजूच्या तरुण पोरांना दोन शब्द, तेवढ्याच कडकपणे. कुणाच्या तोंडातली बिडी हिसकायची नाही. कुणाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला अरेतुरे करायचं नाही. दंड करण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. तो नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांना आहे: पोलिस उपनिरीक्षक आणि त्यावरचे, राजपत्रित अधिकारी, शाळेत मुख्याध्यापक, पोस्टात पोस्टमास्तर, ग्रंथालयात ग्रंथपाल. ओढणाऱ्याला दंड 200 रुपयांपर्यंत, 2003 मध्ये ठरला तेवढाच. रक्कम किरकोळ आहे, मान्य. मालकांनी मात्र पुढचं कलम नीट वाचावं. तक्रार येऊनही मालकाने किंवा व्यवस्थापकाने काही केलं नाही, तर जेवढे गुन्हे तिथे घडले तेवढ्यांचा दंड त्याच्यावर बसतो. दिवसभरात तुमच्याकडे किती जण पेटवतात ते तुम्हीच मोजा आणि गुणाकार करा.

सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्यांनी हा इशारा आपल्यासाठी नाही असं समजू नये. साहेबाच्या केबिनचं दार लावलं म्हणून ती घरची खोली होत नाही. सातबाऱ्यासाठी ताटकळणारा शेतकरी आतल्या धुराबद्दल तोंड उघडत नाही, कारण त्याचं काम अडलेलं असतं. त्याच्या वतीने आम्ही उघडू. काळीपिवळी आणि जीपवाल्यांनाही तेच. प्रवासी वाहन कायद्याने सार्वजनिक जागा आहे आणि ओढणारा बहुतेक वेळा स्टिअरिंगवरच बसलेला असतो.

15 ऑगस्टच्या आत प्रत्येक मालकाने करायचं ते एवढंच: दाराशी फलक, त्यावर स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर, गल्ल्यावरचा लायटर उतरवणं, सुटी बरणी हटवणं आणि छपरीसाठी जागा धरणं. छपरी उभी राहायला पावसामुळे उशीर झाला तर समजून घेऊ. फलक लावायला उशीर झाला तर समजून घेणार नाही, त्याला पाऊस आडवा येत नाही.

ज्यांना अजून चर्चा करायची आहे त्यांनी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून करावी, लिहून आणावी, याहून बरा पर्याय असेल तर पटवून द्यावा. एकच कसोटी लावली जाईल: तुमच्या पर्यायात भट्टीवरचा माणूस आणि एसटीची वाट बघणारी बाई धुराबाहेर राहतात का? राहत असतील तर आम्ही आमचा कागद मागे घेऊ. 2 ऑक्टोबरच्या सभेच्या आधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत हा विषय पहिला घेतला जावा, असा अर्जही देत आहोत. हॉटेलात ज्या कधी बसत नाहीत पण धूर ज्यांच्या घरापर्यंत येतो, त्यांनी त्या दिवशी घरी थांबू नये.

तक्रारीच्या कागदावर दुकानांच्या नावांसाठी जागा मोकळी सोडली आहे. 15 ऑगस्टच्या संध्याकाळी गावातून एक फेरी होईल आणि ज्याच्या दाराशी फलक नसेल त्याचं नाव तिथे लिहिलं जाईल. आपलं नाव त्यात यायचं की नाही, हे मालकांनी ठरवावं.